आमची पहिली कवायत

आरोग्य शिबिर भरवणाऱ्या कार्यकर्त्याने स्वतःची तपासणी करून घ्यायची नसते, असा आमचा बरीच वर्षे समज होता. शिबिराच्या दिवशी सतरंज्या आणायच्या, खुर्च्या मोजायच्या, डॉक्टरांच्या चहाचे बघायचे, म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून रांगेत बसवायचे. एवढ्या धावपळीत आपल्या बोटाला सुई टोचून घ्यायला वेळ असतो कुठे?

गेल्या वर्षी जयंतीच्या आठवड्यात पुणतांब्याच्या आमच्या वस्तीत असेच शिबिर भरले होते. दुपारी गर्दी ओसरली. चार-सहा सुया शिल्लक होत्या. तपासणी करणारी मुलगी म्हणाली, "काका, आता तुमचा हात द्या." आम्ही हसत हसत बोट पुढे केले. यंत्रावर आकडा आला २३६.

मुलीने पुन्हा एकदा टोचले. तोच आकडा. आम्ही म्हणालो, "सकाळपासून दोन-तीन पेढे झालेत, त्यामुळे असेल." ती काहीच बोलली नाही, फक्त डॉक्टरांकडे बघितले. पुढच्या आठवड्यात तालुक्याच्या गावी जाऊन रीतसर रक्त दिले. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी जी तपासणी असते, तिचा आकडा ७.८ आला. हा आकडा ६.५ किंवा त्याच्या वर गेला की मधुमेह धरतात. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "गोळी अर्धे काम करील. बाकीचे अर्धे तुमच्या पायांनी करायचे आहे."

पायांनी, हा शब्द आमच्या मनात रुतून बसला. त्याला कारण आहे.

आमचे वडील रेल्वेत गँगमन होते. दौंड-मनमाड मार्गावर हातात घण घेऊन रोज कित्येक मैल रूळ तपासत चालायचे. निवृत्त झाले आणि बाजेवर बसले. पुढे साखर निघाली. एके दिवशी पायाच्या अंगठ्याला काहीतरी लागले. काय लागले, कधी लागले, ते त्यांना कळलेच नाही, कारण पायाची संवेदना गेलेली होती. जखम भरेना. आधी अंगठा काढला, मग अर्धे पाऊल. ज्या पायांनी उभे आयुष्य खडीवरून चालून आम्हांला बी. कॉम.पर्यंत शिकवले, ते पाऊल आम्ही दवाखान्यात पांढऱ्या पट्टीत बांधलेले पाहिले. त्यानंतर ते दोन वर्षे होते.

तेव्हा आम्हांला एक प्रश्न पडला होता आणि तो पुढे कितीतरी वर्षे तसाच राहिला. इतके चालणाऱ्या माणसाला ही व्याधी झालीच कशी?

डॉक्टरांचे ऐकून आम्ही लगेच चालायला लागलो, असे मात्र कोणी समजू नये. मे महिन्यात ऊन होते. जूनमध्ये पाऊस होता. जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्यावर चिखल होता. सप्टेंबरात कार्यालयात हिशेब तपासनीस आले होते. सकाळी मोटारसायकलीवर श्रीरामपूरला जायचे, दिवसभर खुर्चीत बसून नोंदी करायच्या, संध्याकाळी परत येऊन एखाद्याच्या जातीच्या दाखल्याचे किंवा निराधार पेन्शनचे कागद भरायचे, तेही बसूनच. कारकून माणसाच्या शरीराचे दोनच अवयव खऱ्या अर्थाने चालतात, उजवा हात आणि जीभ.

ऑक्टोबरअखेर शेजारचा पोरगा एके संध्याकाळी अर्ज भरून घ्यायला आला. हा पोरगा पोलीस भरतीची तयारी करतो. भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर धावावे लागते, मुलींना ८०० मीटर. शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. त्यासाठी गावातली वीस-पंचवीस मुले-मुली रोज पहाटे मैदानावर जातात. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्यांच्याकडून तयारी करून घेतात. मुले त्यांना फौजी सर म्हणतात.

पोरगा म्हणाला, "काका, एक तारखेपासून सर मोठ्या माणसांचाही वर्ग घेणार आहेत. तुम्ही या ना."

"आम्ही? या वयात? भरती व्हायचे आहे का आम्हांला?"

"काका, शिबिरात तुम्हीच तर माइकवरून सांगत होता, रोज अर्धा तास अंग हलवा म्हणून."

आमच्याजवळ उत्तर नव्हते.

घरात विषय काढला. आमच्या सहचारिणी अंगणवाडी सेविका आहेत. त्या म्हणाल्या, "जा. पण पहिल्या दिवशीच गावभर सांगू नका. चौथ्या दिवशी बंद झाले तर लोक विचारतील." आई बाजेवर बसून तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवले आणि म्हणाली, "आरं, जल्मभर आम्ही उसात वाकलो. खुरपून खुरपून गुडघं गेलं. तवा आम्हांला कोणी इयायाम कर म्हणून सांगितलं न्हाई. आता तुम्ही दमायला पैसं देऊन जाणार व्हय?"

आईचे बोलणे आम्हांला लागले, कारण ते खोटे नव्हते. आपल्या घराघरांत ही भावना आहे. ज्याने पाटी उचलली, मोळ्या वाहिल्या, भट्टीवर विटा थापल्या, त्याला 'व्यायाम करा' म्हणणे ही चेष्टा वाटते. व्यायाम म्हणजे बसून खाणाऱ्यांचा उद्योग. वस्तीतला माणूस पहाटे मैदानावर उगाच पळताना दिसला, तर लोक विचारतात, "का रं, काम मिळंना का?"

तरीही आम्ही एक तारखेला पहाटे साडेपाचला घराबाहेर पडलो. पायात मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट, अंगात कार्यालयातल्या क्रीडादिनी मिळालेला आणि पोटावर ताणला जाणारा टी-शर्ट, डोक्याला मफलर. मफलर थंडीसाठी कमी आणि तोंड झाकण्यासाठी जास्त. नोव्हेंबरात गोदावरीकडून धुके येते. चांगदेव महाराजांच्या समाधीच्या बाजूचे दिवे तेवढे पुसट दिसत होते. कारखान्यांची गाळपे सुरू झालेली, त्यामुळे रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या कण्हत चालल्या होत्या. राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना आमच्याच जिल्ह्यात, प्रवरानगरला उभा राहिला. बाहेर साखर आणि रक्तातही साखर, असा विचार मनात आला आणि अंधारात आम्ही एकटेच हसलो.

मैदानावर पंधरा-सोळा माणसे जमली होती. एक किराणा दुकानदार, दोन गुरुजी, एक गवंडी, एक दूध संकलन करणारा, तीन-चार बागायतदार, आमच्याच वस्तीतला एक हमाल. दूर निंबाच्या झाडाखाली चार बायका शाली गुंडाळून उभ्या होत्या आणि आपण सहज इथे आलो आहोत असे दाखवत होत्या. खरे म्हणजे आम्ही सगळेच तसे दाखवत होतो. पुणतांबा म्हणजे साधे गाव नव्हे. २०१७ साली १ जूनला राज्यातल्या शेतकऱ्यांचा जो संप झाला, त्याची ठिणगी याच गावात पडली होती. असे हे गाव त्या पहाटे स्वतःच्या पोटाकडे बघत ओशाळून उभे होते.

फौजी सर आले. उंच नाहीत, पण पाठ अशी ताठ की पट्टी लावून घ्यावी. त्यांनी शिट्टी वाजवण्याआधी वही काढली. प्रत्येकाला विचारले, गोळ्या कोणत्या चालू आहेत, छातीत कधी दुखते का, चक्कर येते का, पायाला जखम आहे का, काही खाऊन आलात का. ज्या दोघांना छातीचा त्रास होता, त्यांना म्हणाले, "आधी डॉक्टरांना विचारा, मग या. तोवर बाजूने सावकाश चाला." आमची साखर ऐकल्यावर त्यांनी आम्हांला बूट काढायला लावले, विजेरीच्या उजेडात तळवे बघितले आणि म्हणाले, "रोज रात्री स्वतःचे पाय असेच बघायचे. आणि खिशात दोन बिस्किटे ठेवायची." आमच्या वडिलांचे पाय असे वेळेवर कोणी बघितले असते तर, हा विचार आल्याशिवाय राहिला नाही.

मग शिट्टी वाजली. "उंचीप्रमाणे एका रांगेत उभे राहा!"

वाचक बंधुभगिनींनो, या एका वाक्यापाशी आम्ही थोडे थांबतो.

आमच्या वडिलांचे मूळ गाव दुसरे. तिथे एक तालीम होती. आत लाल मातीचा हौदा, मातीत ताक, तेल आणि हळद मुरवलेली. वडील पोरसवदा असताना त्यांना कुस्तीचा भारी नाद. पण तालमीचा उंबरा आपल्या माणसांना ओलांडता येत नव्हता. ते मागच्या खिडकीच्या गजांना धरून आतले डाव बघायचे आणि घरी येऊन परसात दोन विटा मांडून त्यांवर हात टेकून जोर मारायचे. "मातीचा वास मला खिडकीतनंच ठाऊक," असे ते सांगत. त्यात तक्रार नसे, पण त्यानंतर ते थोडा वेळ गप्प बसत. आमच्या लहानपणी जयंतीच्या आधी वस्तीतली मोठी मुले समता सैनिक दलाची कवायत करायची. वडील कामावरून आले की डबा हातात तसाच ठेवून ती कवायत शेवटपर्यंत बघत उभे राहायचे. ते का उभे राहतात, हे आम्हांला तेव्हा कळत नसे.

त्या पहाटे आम्ही उंचीप्रमाणे रांगेत उभे राहिलो, तेव्हा आमच्या डावीकडे एक बागायतदार होते आणि उजवीकडे आमचा हमाल भाऊ. दुसरे काही विचारायचे कारणच नव्हते, फक्त उंची. सर म्हणाले, "हात बाजूला पसरा, शेजाऱ्याच्या बोटांना बोटे लावून अंतर घ्या." आम्ही बोटे लावली. त्या बागायतदारांना यात काही विशेष वाटले नसेल, वाटू नयेच. आमच्या मनात मात्र त्या क्षणी खिडकीचे गज होते.

यापुढची हकीकत अशी गंभीर नाही.

पहिली पाच मिनिटे जागच्या जागी कदमताल. आम्हांला वाटले, यात काय आहे? तिसऱ्या मिनिटाला मफलर सुटला, चौथ्याला कानशिले तापली. मग खांदे फिरवणे, कंबर फिरवणे, टाचा उचलणे. मग उठाबशा. सर म्हणाले, "दहा काढा." सहाव्या उठाबशीला आमच्या गुडघ्यांतून असा आवाज आला की शेजारचे बागायतदार म्हणाले, "भाऊसाहेब, पापड मोडला का?" आठव्याला आम्ही खाली गेलो ते गेलोच. हमाल भावाने बगलेत हात घालून वर काढले. शेवटी मैदानाला दोन फेऱ्या. दुसऱ्या फेरीत निंबापाशी आलो तेव्हा त्या चार बायका गप्पा मारत आमच्या पुढून निघून गेल्या. आम्ही कडेच्या दगडावर बसलो.

सर जवळ आले. ओरडतील असे वाटले होते. ते खाली बसले आणि म्हणाले, "एक लक्षात ठेवा. चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला. गाणे म्हणता येत असेल तर कमी झाला. तुम्हांला तर आता बोलताही येईना." आम्ही मान हलवली. बोलता येतच नव्हते.

वर्गाच्या शेवटी सगळ्यांना गोल उभे करून हात वर करून मोठ्याने हसायला सांगतात. आधी आम्हांला हा वेडेपणा वाटला. पण याचीही एक हकीकत आहे. मुंबईत १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत अवघ्या पाच माणसांना घेऊन हास्य क्लब सुरू केला, आणि तो पुढे कितीतरी देशांत गेला. पहिल्या दिवशी त्या पाच जणांनाही लाज वाटलीच असेल. आम्ही आधी खोटे हसलो, मग एकमेकांची तोंडे बघून खरे हसलो.

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरून बाजूबाजूने उतरावे लागले. तिसऱ्या दिवशी अंग जरा मोकळे झाले आणि आम्हांला शहाणपण सुचले. भरतीची पोरे १६०० मीटर धावत होती. म्हटले, बघू या एक फेरी. अर्ध्या फेरीत पोटरीत असा गोळा आला की डोळ्यांपुढे तारे दिसले. लंगडत घरी आलो आणि चार दिवस मैदानाकडे फिरकलो नाही. सहचारिणींनी सांगितलेला चौथा दिवस असा तंतोतंत आला.

पाचव्या दिवशी संध्याकाळी फौजी सरच घरी आले. चहा घेतला. म्हणाले, "फौजेत रंगरूट पळून जातो ना, तो तिसऱ्या-चौथ्या दिवशीच जातो. एक आठवडा काढला की मग जात नाही." मग आईकडे वळून म्हणाले, "मावशी, तुमचे गुडघे कसे आहेत?" आईने तेच ऐकवले, जन्मभर उसात वाकलो वगैरे. सरांनी वाद घातला नाही. म्हणाले, "मावशी, तुम्ही जे केले ते कष्ट. कष्टात अंग झिजते, कारण थांबायचे कधी ते मुकादम ठरवतो. इथे थांबायचे कधी ते आपण ठरवतो. एवढाच फरक."

त्यांचे बोलणे ऐकून आम्हांला वडिलांचा तो जुना प्रश्न आठवला. पुढे आम्ही याविषयी जे वाचले, ते वाचकांसाठी थोडक्यात देतो. कारण आम्ही वाणिज्य शाखेचे, आकड्याशिवाय आमचे समाधान होत नाही.

१९५३ साली लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी बसच्या चालकांची आणि वाहकांची तुलना प्रसिद्ध केली. बस तीच, रस्ता तोच, बहुतेकांची परिस्थितीही सारखीच. पण दुमजली बसचा जिना दिवसभर चढउतार करणाऱ्या कंडक्टरला हृदयविकार कमी होत होता आणि बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरला जास्त. पायी वा सायकलीवर टपाल वाटणारे पोस्टमन आणि टपाल खात्यातलेच बैठे कारकून यांच्यातही तोच फरक दिसला. कारकून हा शब्द वाचून आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ उभेच राहिलो.

दुसरी पाहणी कोपनहेगनची, २०२१ साली प्रसिद्ध झालेली, सुमारे १ लाख ४ हजार माणसांची. तिच्यात असे आढळले की जे फुरसतीच्या वेळी व्यायाम करतात त्यांना हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका कमी, पण ज्यांना कामावर भारी शारीरिक श्रम पडतात त्यांना तो उलट जास्त. संशोधक याची कारणे अशी सांगतात. कामातला श्रम तासन् तास चालतो, विश्रांती पुरेशी मिळत नाही, एकाच जागी वाकून किंवा ओझे घेऊन राहावे लागते, त्यामुळे नाडी आणि रक्तदाब दिवसभर चढलेलाच राहतो. व्यायाम थोडा वेळ असतो, सगळ्या अंगाला असतो आणि नंतर शरीराला दम खायला मिळतो. लंडनच्या कंडक्टरला जिना होता, पण पाठीवर पोते नव्हते. म्हणजे आई म्हणत होती ते खरे होते आणि सर म्हणत होते तेही खरे होते.

वडिलांच्या बाबतीत आनुवंशिकता असेल, निवृत्तीनंतरचे बसणे असेल, वेळेवर तपासणी न होणे असेल. एका कारणावर बोट ठेवता येणार नाही. पण आपल्या देशात ही व्याधी आता घरोघरी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह होता आणि आणखी १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर होते. हा श्रीमंतांचा रोग आहे, हे आता कोणी मनातही आणू नये. स्नायू काम करू लागले की रक्तातली साखर ओढून घेतात आणि वापरतात. उठाबशीचे महत्त्व ते हेच, कारण मांड्यांचे स्नायू शरीरातल्या सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी आहेत.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे काही करावे. आम्ही हिशेब मांडला. आठवड्याची मिनिटे १०,०८०. त्यांतली १५० म्हणजे शेकडा दीडही नाहीत. ज्या सावकाराने आमच्या आजोबांना पैसे दिले होते, तो यापेक्षा कितीतरी जास्त दराने व्याज घेत होता. एवढा स्वस्त व्यवहार कोणत्या बँकेत मिळणार?

सर गेल्यावर सहचारिणी म्हणाल्या, "उद्या मीही येते."

येण्याचे ठरले, पण बाईमाणसाचे पहाटेचे गणित निराळे असते. पाणी कधी येते, डबा कधी करायचा, सासूची गोळी कोण देणार? २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात असा अंदाज दिला आहे की भारतात ५७ टक्के स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष आरोग्यासाठी लागते तेवढी हालचाल करत नाहीत. आपल्या बायका दिवसभर उभ्या असतात आणि तरी हा आकडा. चुलीपासून मोरीपर्यंतच्या फेऱ्यांनी थकवा येतो, दम वाढत नाही. तेव्हा घरात ठराव झाला. पाणी भरणे आणि भाजी चिरणे आमच्याकडे, आदल्या रात्री. कणीक मळण्याचा प्रयत्न आम्ही दोन दिवस केला आणि मग ती जबाबदारी सन्मानाने काढून घेण्यात आली.

पहिल्या दिवशी त्या साडीवर आल्या, पायात आमच्या मुलीचे बूट. रस्त्याने जाणारे दोघे-तिघे मोटारसायकल हळू करून बघायला लागले. बायकांनी माना खाली घातल्या आणि हालचाल थांबवली. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या दोघी आल्याच नाहीत. सरांनी आम्हांला बोलावून विचारले, काय करावे? आम्ही भाषणाच्या तयारीत होतो, पण सहचारिणीच म्हणाल्या, "भाषण नको. आम्हांला कोपरा द्या आणि पोरांना कडेने पळवा." मग निंबाखालची जागा बायकांची ठरली आणि भरतीच्या मुलांच्या फेऱ्या रस्त्याच्या बाजूने लागल्या. भरतीच्या मुलींपैकी एक जण आता बायकांकडून उठाबशा करून घेते. डिसेंबरात चारच्या अकरा झाल्या. आता त्यांच्यात काही साडीवर, काही पंजाबी ड्रेसवर येतात. आमच्या सहचारिणी पंधरा उठाबशा काढतात. आम्ही बारा. हा आकडा घरात रोज सकाळी वाचून दाखवला जातो.

मैदानाची वर्गणी महिना शंभर रुपये आहे आणि ज्याला जमत नाही त्याला माफ आहे. त्यातून मुलांसाठी गोळे आणि दोर घेतले. माफी कोणाला आहे, हे सर कोणाला सांगत नाहीत.

एका पहाटे वस्तीतले एक ज्येष्ठ बाबा फेरी मारताना आम्हांला म्हणाले, "हे आपल्याला नवं न्हाई. भगवंतांनी चंक्रमण सांगितलंय." खरेच आहे. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवासाची ताकद येते, प्रयत्नाची ताकद येते, व्याधी कमी होतात, खाल्लेले पचते आणि चालताना साधलेली चित्ताची एकाग्रता दीर्घकाळ टिकते. यांतले पचनापर्यंतचे चार आमच्या डॉक्टरांनीही सांगितले होते, फक्त त्यांनी तपासणीची फी घेतली.

फेब्रुवारीत पुन्हा रक्त दिले. ७.८ चे ६.९ झाले होते. गोळी चालू आहे आणि डॉक्टर सांगतील तोवर चालू राहील. व्यायाम लागला म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद करणारे दोघे आमच्या पाहण्यात आहेत आणि दोघांनाही पश्चात्ताप झाला. वजन फक्त अडीच किलो उतरले. पण जिना आता कठडा न धरता चढतो आणि कार्यालयात दर तासाला उठून पाण्याच्या माठापर्यंत जातो. आमचे साहेब विचारतात, "एवढी तहान कशी लागते हो?"

राहता राहिली आई. तिने मैदानावर यायला साफ नकार दिला. पण सरांनी तिला बाजेच्या कडेला बसून, हात न टेकता उभे राहायचे आणि पुन्हा बसायचे, एवढे एकच सांगितले होते. जानेवारीत एका सकाळी आम्ही मैदानावरून परत आलो, तर आतून मोजण्याचा आवाज आला. "पाच... सहा..." आम्ही दारातच थांबलो. सातव्याला तिने बाजेचा पाय धरला. आम्हांला पाहून म्हणाली, "ह्यो काय इयायाम न्हाई बरं का. नुसती उठबस हाये." मग पदराने तोंड पुसून तिने विचारले, "तुझं आज किती झालं?"

"बारा."

"तिचं?"

"पंधरा."

आई बराच वेळ हसत होती. वर्गाच्या शेवटी आम्ही जे हसतो, त्यापेक्षा ते हसणे बरे होते.

वाचकांना सांगायचे ते एवढेच. आपल्या गावात फौजी सर नसतील, पण एखादी मोकळी जागा आणि भरतीची तयारी करणारी चार मुले असतीलच. ती मुले रोज पहाटे उठतात, त्यांना उठवायचीही गरज नाही. आधी रक्त तपासून घ्या, डॉक्टरांना विचारा, आणि मग त्यांच्या मागे हळूहळू चालायला लागा. घरातल्या बाईला बरोबर घ्या आणि त्यासाठी आदल्या रात्री पाणी तुम्ही भरा. रात्री झोपताना स्वतःच्या पायांचे तळवे एकदा उजेडात बघा. आमच्या वडिलांनी मातीचा वास खिडकीतून घेतला. आपल्याला दार उघडे आहे. पहिल्या दिवशी मफलर बांधून गेलात तरी हरकत नाही.

जयभीम.